साठावा श्वास

शेवटचा साधा दिवस रविवार होता. आप्पा सकाळी गच्चीवर गेले आणि पलीकडच्या प्लॉटवर घिरट्या घालणाऱ्या ड्रोनला हातवारे करून सांगू लागले की ईशान्येचा कोपरा सुटतोय. ड्रोनने अर्थातच ऐकलं नाही. हल्ली जमिनी ड्रोनच मोजतात आणि चहा गार व्हायच्या आत नकाशा काढून देतात. आप्पांचं म्हणणं, बांधावरून चालल्याशिवाय जमीन खरं बोलत नाही. मग ते खाली आले, दोन भाकऱ्या खाल्ल्या, दोडक्यात मीठ कमी आहे हे मला न सांगता स्वतःच वरून घेतलं आणि हात धुताना पाठमोरेच म्हणाले,

"पद्मा, त्या बोरजाईवाडीचं काय सांगत होतीस?"

"नंतर सांगते, आप्पा. दूध उतू जाईल."

दूध फ्रिजमध्ये होतं. ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

सोमवारी सकाळी सहाला, चहाआधी, त्यांचं हृदय थांबलं. आप्पांवर उपचार करणारे डॉक्टर नेर्लेकर म्हणाले, फुप्फुस अगदी स्वच्छ होतं. हे सांगताना त्यांचा स्वर जरा नाराज वाटला. घर नीट रंगवून द्यावं आणि मालकानं त्याच आठवड्यात ते सोडून जावं, तसा.

सांगायचं होतं ते एवढंच. मी नऊ वर्षांची असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत आप्पांबरोबर मोजणीला गेले होते. आप्पा मोजणीदार. विट्याजवळच्या बोरजाईवाडीत दोन भावांच्या शेताची हद्द ठरवायची होती. माझ्याकडे काम एकच, लांबच्या खुणेवर रोवलेल्या लाल झेंडीपाशी उभं राहायचं. झेंडीला लागूनच टिटवीची अंडी होती आणि टिटवी माझ्या डोक्यावर किंचाळत फिरत होती. मी झेंडी उपटली आणि चार फूट अलीकडे रोवली. टिटवी गप्प झाली. आप्पांनी दुर्बिणीतून झेंडी पाहिली आणि रेघ ओढली. त्या चार फुटांत थोरल्या भावाची विहीर धाकट्याकडे गेली. फेरमोजणी झाली, चौकशी झाली. आप्पांनी लिहून दिलं, "नजरचूक माझी." त्यांच्या सेवापुस्तकात कायमचा ठपका बसला आणि आमची बदली थेट अक्कलकुव्याला झाली. बदलीच्या ट्रकमध्ये मी ट्रंकेवर बसले होते. काही बोलले नाही. पुढची चाळीस वर्षंही बोलले नाही.

मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. स्वतः गप्प बसायचं आणि इतरांना गप्प बसवायचं, याचा मला पगार मिळतो. आप्पाही कमी बोलणारे. आई गेल्यावर आमच्या घरात दिवसाला साधारण अकरा वाक्यं बोलली जात आणि त्यातली चार मोलकरणीशी असत. अशा घरात मला रोज सहा नव्या गोष्टी सांगाव्या लागतील असं कोणी म्हटलं असतं, तर मी त्याला योग्य विभागाकडे पाठवलं असतं.

पण आप्पांच्या उजव्या फुप्फुसात गाठ निघाली.

फुप्फुसातली गाठ एका जागी बसत नाही. आपण श्वास घेतो तशी ती खाली सरकते, सोडला की वर येते, कधी कधी दोन बोटं इतकी. किरण मात्र सरळ जातो. पूर्वी यावर उपाय म्हणजे आजूबाजूचं चांगलं फुप्फुसही थोडं भाजून काढायचं, चुकून नेम हुकायला नको. आता गाठीशेजारी तांदळाच्या दाण्याएवढ्या काचेच्या कुप्या बसवतात. कुपीत बारीक तांब्याची गुंडाळी असते, बॅटरी नसते. बाहेरून चुंबकीय लहर सोडली की कुपी क्षणभर निनादते आणि त्यावरून ती नेमकी कुठे आहे हे यंत्राला कळतं, सेकंदाला पंचवीस वेळा. गाठ ठरल्या जागी असेल तेवढाच वेळ किरण चालू, सरकली की बंद.

नेर्लेकरांनी हे सगळं आम्हाला चित्र काढून समजावलं. आप्पांनी चित्र उलटं फिरवून पाहिलं.

"किती खुणा रोवणार?"

"तीन."

"चार रोवा."

"तीन पुरतात, आप्पा."

"तीन खुणांवर क्षेत्र निघतं, डॉक्टर. चौथी पडताळ्याला. खूण वाहून जाते, कोणी उपटतं. चाळीस वर्षं हेच केलंय मी."

'कोणी उपटतं' ऐकून मी खिडकीबाहेरचं अशोकाचं झाड पाहू लागले. नेर्लेकर हसले, पण चार रोवल्या. पाचव्या दिवशी आप्पांना ठसका लागला आणि एक कुपी बेसिनमध्ये टण्णकन पडली. असं शंभरात पाच-सात जणांना होतं. आप्पांनी ती धुतली, काडेपेटीत घातली आणि दुसऱ्या दिवशी नेर्लेकरांच्या टेबलावर ठेवली. एक शब्द बोलले नाहीत. त्यांच्या हिशेबी तो विजयोत्सव होता.

खरी पंचाईत पुढे आली. गाठ हृदयाला खेटून होती, त्यामुळे किरण द्यायचा तो पूर्ण श्वास रोखलेला असतानाच. एका बैठकीत सहा वेळा, अशा दहा बैठका. साठ श्वास. तंत्रज्ञ होती रुक्साना मुजावर, मिरजेची, वय अठ्ठावीस, आणि तिच्या तोंडाला अजिबात विश्रांती नव्हती. ती माईकवरून म्हणायची, "श्वास रोखा," आणि आप्पा गाल फुगवून, मुठी आवळून असा काही जोर लावायचे की पडद्यावर चुकार मेंढरं पळावीत तशा कुप्या इकडेतिकडे जायच्या.

"आजोबा, कुस्तीला उतरलाय काय? नुसतं थांबा."

"थांबलोयच की."

"तुम्ही थांबलाय. गाठ नाचतीय."

अशा रोग्यांसाठी यंत्राला एक नवीन जोड दिली होती, तिचं नाव श्वासमित्र. ओळखीचा आवाज कानावर पडला की माणसाचा श्वास बदलतो. कुप्यांच्या हालचालीवरून तो बदल मोजता येतो. मग ज्या माणसाच्या आवाजानं श्वास सर्वांत संथ होतो, त्यालाच माईकवर बसवायचं. म्हणजे नातेवाइकांची चाचणी. सगळ्यांनी एकच उतारा वाचायचा आणि यंत्रानं क्रमांक लावायचे. हा शोध लावणाऱ्याला नातेवाईक नसावेत.

आम्ही तिघं होतो. आप्पांची धाकटी बहीण शकूआत्या, त्यांचे जुने सहकारी बिरनाळे काका आणि मी. आत्यानं उतारा बाजूला ठेवला आणि "दादा, अजिबात घाबरू नकोस हं," एवढंच म्हटलं. आलेख लगेच घाबरला. बिरनाळे काका निवृत्त मोजणीदार संघाचे अध्यक्ष. त्यांनी उताऱ्याच्या आधी दोन शब्द प्रास्ताविक केलं आणि आप्पांचा श्वास तळ्यातल्या पाण्यासारखा झाला. निकाल पडद्यावर आला. पहिला क्रमांक, बिरनाळे. दुसरा, आकाशवाणीवरचा बाजारभाव सांगणारा माणूस, ज्याचा आवाज यंत्रात नमुन्यादाखल घातलेला होता. तिसरा, शकूआत्या. माझ्या नावापुढे क्रमांक नव्हता. लिहिलं होतं, "अयोग्य. श्वास खंडित होतो."

"यंत्र आहे, चुकत असेल," आत्या म्हणाली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. तिला तिसरा क्रमांक मिळाल्याचं समाधान लपवता येत नव्हतं.

मी घरी जाऊन मसाल्यांचे डबे वर्णानुक्रमे लावले.

बिरनाळे काका पहिल्या बैठकीला नवा शर्ट घालून आले. त्यांनी माईक हातात घेतला, दोनदा फुंकर मारली आणि म्हणाले, "मित्रवर्य चौगुले." दुसऱ्या मिनिटाला आप्पा झोपले. चौथ्या मिनिटाला घोरू लागले. एका घोरण्यात गाठ दीड सेंटिमीटर उडाली आणि यंत्रानं स्वतःला बंद करून घेतलं.

"बत्तीस वर्षं यांची भाषणं ऐकलीत मी," आप्पा जागे होऊन म्हणाले. "सवय आहे."

रुक्सानानं डोकं धरलं. मग चाचणीचे जुने आलेख पुन्हा काढले आणि बराच वेळ माझ्याच आलेखावर बोट ठेवून बसली.

"ताई, इकडं बघा. तुम्ही बोलायला लागला की रेघ सपाट होतीय. नऊ सेकंद. श्वासमित्राला वाटलं, बिघडलं. अवो, आपल्याला हेच तर पायजे!" तिनं माईकचं बटण दाबलं. "आजोबा, ताई बोलल्या की तुम्ही श्वास का थांबवताय?"

"कुठं थांबवतो?" आतून आवाज आला. मग, "ती फार हळू बोलते. आणि क्वचित बोलते. ऐकू यायला नको?"

रुक्साना माझ्याकडे बघत राहिली. आप्पांना वाटलं, आपलं बोलणं कळलं नाही. म्हणून त्यांनी तांत्रिक खुलासा केला. "दुर्बिणीला डोळा लावला की श्वास घ्यायचा नसतो. काच धुरकटते, रेघ हलते. तसंच."

मी चाचणीच्या उताऱ्यातून डोकं वर काढलं नाही.

माझ्यासमोर रुग्णालयाचं कार्ड ठेवण्यात आलं. मी वाचलं, "कल्पना करा, आपण एका शांत समुद्रकिनारी आहात."

"कुठल्या?" आप्पांनी विचारलं. "तालुका कुठला?" किरण बंद.

कार्डावर पुढे मंद वारा होता. वाऱ्याची दिशा आप्पांनी विचारली. किरण बंद. मी वैतागून रुक्सानाकडे वळले आणि म्हणाले, "आज आत्या आली नाही ते एक बरं. तिनं केस रंगवलेत आणि ते गाजरासारखे झालेत. आप्पांना सांगू नकोस म्हणालीय." माईक चालूच होता. पडद्यावरच्या तिन्ही कुप्या जागच्या जागी थिजल्या. तेरा सेकंद. किरण पूर्ण गेला.

"गाजरासारखे?" आप्पांनी श्वास सोडत विचारलं.

"पहिला झाला!" रुक्साना ओरडली. "ताई, अजून पाच सांगा!"

तर असं होतं. माहीत असलेल्या गोष्टीवर आप्पा थांबत नव्हते. सामान्य बातमीवर पाच-सहा सेकंद थांबत, त्यात काम होत नव्हतं. लागायची ती त्यांना ठाऊक नसलेली, खरी आणि माझ्या तोंडून आलेली गोष्ट. एकदा मी खोटं बोलून पाहिलं, ग्रंथालयात साप निघाला म्हणून. दोन सेकंद. "कुठल्या जातीचा?" त्यांनी विचारलं आणि मला सांगता आलं नाही.

आत्याची गुपितं दुसऱ्या बैठकीतच संपली. तिसऱ्या बैठकीपासून मला स्वतःच्या साठ्याला हात घालावा लागला.

"तुमचं पितळी होकायंत्र मी सातवीत असताना पाडलं होतं. सुई मधल्या टोपीवरून निसटली, मी ती गोंदानं टोपीला परत चिकटवली. तेव्हापासून त्याची उत्तर जराशी पश्चिमेला आहे." सतरा सेकंद.

मग आतून दुःखी आवाज, "त्या होकायंत्रावर मी घराचं दार ठरवलं."

"हो."

"शकूला सांगू नकोस. पूर्वाभिमुख म्हणून तिनं सगळ्या गावाला दाखवलंय."

"तुम्ही होस्टेलला पाठवलेले मेथीचे लाडू मी एकही खाल्ला नाही. वॉचमनच्या शेळीला घालत होते." चौदा सेकंद. "सगळे?" "सगळे." "आणि शेळी?" "तिची तब्येत सुधारली."

"इंजिनिअरिंग मी दिवाळीत सोडलं. तुम्हाला सांगितलं उन्हाळ्यात. मधले सहा महिने पट्टी-कंपास घेऊन निघायचे आणि वाचनालयात कादंबऱ्या वाचत बसायचे." एकोणीस.

"कराडच्या स्थळानं मला नाकारलं नव्हतं. मीच त्यांना कळवलं होतं, मला वेड आहे म्हणून."

बावीस सेकंद. रुक्सानानं तोंडावर हात ठेवला.

"कसलं वेड?" आप्पांनी विचारलं.

"वाचनाचं. ते पत्रात लिहायचं राहिलं."

"त्या कराडकरांना मी एकदा एसटीत जागा दिली नव्हती, पद्मा. हट्टानं. पार इस्लामपूरपर्यंत उभे होते बिचारे." आणि मग एक आवाज आला जो मी फार वर्षांनी ऐकला. आप्पा हसत होते. कुप्या पडद्यावर बेभान नाचत होत्या आणि रुक्सानानं हसू थांबेपर्यंत यंत्र बंद ठेवलं.

घरीही वाक्यं वाढली. रिक्षात बसल्याबरोबर आप्पा खटल्याच्या तपशिलात शिरत. शेळीचा रंग कोणता होता? कादंबऱ्या कोणत्या वाचल्या? त्यांनी स्वतःहूनही काही सांगायला सुरुवात केली. अक्कलकुव्याला पहिल्या वर्षी त्यांना भाषा कळत नव्हती आणि मोजणीला गेलेल्या पाड्यावर लोकांनी त्यांना लग्नाला आलेला पाहुणा समजून तीन दिवस ठेवून घेतलं होतं. "चांगली जागा होती," ते म्हणाले. "चुकीनं गेलो, पण चांगली होती." मग खिशातला रुमाल काढून चष्मा पुसला. "तेवढी एकच चूक झाली माझ्या हातून. अजून कळत नाही, कशी झाली. डोळ्यांसमोर येते ती रेघ."

त्या वेळी रिक्षा सिग्नलला उभी होती. सांगायला भरपूर वेळ होता. मी म्हणाले, "औषधाच्या दुकानात थांबायचंय का?"

शेवटच्या बैठकीपर्यंत माझ्याजवळचं सगळं संपलं होतं. अगदी ग्रंथालयातलं एक पुस्तक मी कधी परत केलं नाही हेही सांगून झालं, त्यावर आप्पा वीस सेकंद थांबले आणि नंतर, "उद्या नेऊन दे," म्हणाले. एकोणसाठ झाले. रुक्साना म्हणाली, "ताई, शेवटचा. हा मोठा आहे, चोवीस सेकंद लागतील. दांडगं काहीतरी काढा."

एकच उरलं होतं. चोवीस सेकंदांच्या योग्यतेचं तेवढंच होतं. पण त्या गोष्टीनं त्यांचा श्वास थांबेल की आणखी काही थांबेल, हे मला ठाऊक नव्हतं. मी माईक ओढला.

"आप्पा," मी म्हणाले, "बोरजाईवाडीला ती झेंडी..."

रेघ सपाट झाली. किरण सुरू झाला. आणि पुढचा शब्द येईना. मी पडद्याकडे पाहत राहिले. तीन कुप्या, तीन ठिपके, जरासुद्धा हलत नव्हते. दहा सेकंद. पंधरा. आतमध्ये एक शहात्तर वर्षांचा माणूस, निम्मं फुप्फुस कामाचं, माझ्या पुढच्या शब्दासाठी थांबला होता. वीस. चोवीस. किरण आपोआप बंद झाला, काम झालं, रुक्सानानं टाळी वाजवली. ठिपके तरीही हलले नाहीत. एकतीस सेकंदांनी आप्पांनी श्वास घेतला.

"पुढं?"

"काही नाही, आप्पा. तिथली बोरं आठवली."

"हं," आप्पा म्हणाले.

त्यानंतर चार महिने ते जगले. गाठ गेली. नेर्लेकरांनी तो एकतीस सेकंदांचा आलेख पुण्याच्या परिषदेत दाखवला आणि त्याला आवाजाचा परिणाम म्हटलं. त्या एकतीस सेकंदांत आवाज नव्हता, हे त्यांना मी सांगितलं नाही. आणि मग तो रविवार आला.

संघाची शोकसभा पंधरा दिवसांनी झाली, सांगलीत, पेन्शनरांच्या सभागृहात. चाळीसेक म्हातारे मोजणीदार होते. खुर्च्या मांडणाऱ्याच्या रांगा वाकड्या झाल्या होत्या, त्या त्यांनी आल्या आल्या सरळ करून घेतल्या. शकूआत्या माझ्या शेजारी, केस आता काळेभोर. बिरनाळे काका बोलायला उभे राहिले. पंधरा मिनिटांत तिसरी रांग झोपली. मग काका म्हणाले,

"चौगुले म्हणजे अचूकपणा! पण माणूसच तो. एकदा चुकला, चार फूट! तेव्हापासून आमच्या ऑफिसात कोणाची रेघ हुकली की म्हणायचे, चौगुल्याचे चार फूट झाले रे!"

सभागृह हसलं. झोपलेली रांगही उठून हसली. ते प्रेमाचं हसणं होतं, यात शंका नाही. समोरचे एक गृहस्थ डोळे पुसत शेजाऱ्याला सांगत होते, "मी सुद्धा वापरलंय ते. सोळा सालापर्यंत म्हणायचो आम्ही." आप्पांनी हे कितीदा ऐकलं असेल? चहाच्या वेळी, निरोपसमारंभात, बहुधा स्वतःच्याही. ऐकून हसले असतील. ते हसले की खांदे हलायचे.

मी उभी राहिले. आत्यानं पदर ओढला. "अगं, आभार शेवटी असतात."

"काका, मला बोलायचंय."

बिरनाळे काकांनी आयुष्यात प्रथमच मध्येच माईक सोडला. मी तो हातात घेतला. माझा आवाज नेहमीसारखा हळूच निघाला. मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "ऐकू येईना." मी घसा साफ केला आणि जितक्या मोठ्यानं कधीच बोलले नव्हते तितक्या मोठ्यानं बोलले.

"बोरजाईवाडीची झेंडी मी हलवली. आप्पांनी नाही. तिथं टिटवीची अंडी होती. मी झेंडी उपटली, चार फूट अलीकडे रोवली आणि कोणाला सांगितलं नाही. आप्पांना झेंडी जिथं दिसली तिथं त्यांनी रेघ ओढली आणि ती रेघ बरोबर होती. ते मला विचारत होते, मी सांगितलं नाही. काका, हे संघाच्या इतिवृत्तात लिहून घ्या. तारीख घाला, खाली माझी सही घ्या. आप्पांनी लिहून दिलं होतं तसंच लिहा, फक्त नाव बदला. आप्पा, चूक माझी."